स्टुडिओतली गिटार

माझ्याकडे आली तेव्हा ती गिटार नोकरीतून निवृत्त झालेली होती. जव्हारच्या एका फोटो स्टुडिओत तिने हयात काढली होती. मागे रंगवलेला धबधबा, शेजारी प्लास्टिकची फुलदाणी आणि हातात ही. साखरपुडा झालेले, बारावी सुटलेले, भरतीला निघालेले, सगळे तिला छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघत. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओवाल्याने झेरॉक्सचं मशीन टाकलं आणि धबधब्यासकट सगळं विकायला काढलं.

"फोटो काढायचाय का, मॅडम?"

"नाही. वाजवायचीय."

तो जरा गोंधळला. माणूस प्रामाणिक होता. "वाजत नाही ती. सहावी तार सायकलच्या ब्रेकची आहे. फोटोत कळत नाही."

बरोबर जिथे बोटं पडतात तिथलं पॉलिश उडालं होतं. वाजवता न येणाऱ्या हातांनी इतकं झिजलेलं दुसरं वाद्य मी पाहिलेलं नाही. उचलली की आत काहीतरी खुळखुळायचं. खोलीवर आणून उलटी करून झटकली, तर अक्षता पडल्या. दोन-चार दाणे आत अडकून राहिले, ते अजून आहेत.

मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर शिकवते. आमच्या शाळेतले बाकीचे शिक्षक रोज येऊन-जाऊन करतात. मी पाड्यावरच एका म्हातारीच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन राहते. घरी पाठवायचं ते पाठवलं की पगारात नवी गिटार बसत नाही, आणि क्लास लावायचा तर नाशिक. म्हणजे स्टुडिओतली गिटार आणि मी, एवढ्यावरच भागवायचं होतं.

हे सगळं कशासाठी, तर संध्याकाळसाठी. शाळेला कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी ते उघडेपर्यंत माझ्याशी कोणाचं काही काम नसे. पुस्तकं होती. पण पुस्तक वाचून झालं की त्यावर बोलायला माणूस लागतं, आणि ते काही पार्सलने येत नाही. वाद्याला निदान आवाज असतो, असा माझा हिशेब.

पाड्यावर रेंज टाकीजवळच्या चढावर उभं राहिलं तर मिळते, तीही फोनपुरती. व्हिडिओ मी जव्हारला बाजाराला गेले की एस.टी. स्टँडवर बसून उतरवून घेई. शिकवणारा तरुण पहिली काही मिनिटं स्वतःच्या प्रवासाबद्दल बोले. गिटार शिकायला पैसा नाही, पॅशन लागते, हे त्याचं आवडतं वाक्य. ते बोलताना त्याच्या मागच्या भिंतीवर गिटारींची रांग टांगलेली दिसे. तारांचा स्वस्तातला संच एका सहकाऱ्याने नाशिकहून आणून दिला. कॅपो नावाचा एक चाप असतो, तो गिटारीच्या गळ्याला लावतात. मी शाळेतली पेन्सिल रबरबँडने बांधून काम भागवलं. बोटांची टोकं फाटली, मग त्यांत खडूची भुकटी झोंबू लागली, मग टोकं घट्ट झाली. फळ्यावर लिहिताना आपल्याच बोटांचं अप्रूप वाटे. ते सांगायला कोणी नव्हतं, म्हणून इथे सांगते.

पावसाळाभर मी एकच चाल घोटली. साधी, चार कॉर्डची. तीन सरळ होत्या, चौथी एफ. एफमध्ये पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकायचं असतं. ती आली की मी थांबे. बोट नीट बसवी, एकेक तार वाजवून बघे, मग पुढे जाई. चाल माझी, वेळ माझा. कोणाची जीप चुकणार नव्हती.

म्हातारीचं नाव घेत नाही, तिला मी आजी म्हणते. ती ओसरीवर सुपात नाचणी पाखडत बसायची आणि ऐकायची, निदान ऐकू तरी यायचं. एकदा पाखडता पाखडता म्हणाली, "बाई, एक विचारू? राग नको धरू."

"विचारा ना."

"ह्याच्यावर नाचतं कोण?"

मी म्हटलं, यावर नाचत नाहीत. हे ऐकायचं असतं.

"मंग ऐकतं कोण?"

यावर मी गिटारीच्या तारा पुसायला घेतल्या.

तिचं विचारणं तिच्या परीने सरळ होतं. तिच्या घरातही एक वाद्य आहे, तारपा. दुधीभोपळ्याचा, लांब तोंडाचा, फुंकून वाजवायचा. मुलगा वाजवतो. एरवी तो तारपा फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यात असतो, आणि भात पिवळं झाल्याशिवाय खाली काढत नाहीत. काढला की अख्खा पाडा एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतो. खोलीत दार लोटून, भर श्रावणात, कोणीही न नाचता वाजवायचं वाद्य तिच्या हिशेबात कुठे बसवायचं?

दिवाळी झाली आणि पाडा रिकामा झाला. दर वर्षी होतो. पिकअप गाड्या येतात, त्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं चढतात, आणि भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. आजीचा मुलगा-सून गेले, नातवंडं गेली, माझा निम्म्याहून अधिक वर्ग गेला. मागे राहिल्या म्हाताऱ्या, शेळ्या आणि मी. आता कितीही जोरात वाजवलं तरी कोणाची हरकत नव्हती, आणि नेमकं त्यामुळे वाजवावंसं वाटेना. आजीचा प्रश्न मात्र मुक्कामाला राहिला. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, कोणीतरी समोर बसून ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी.

संधी आली ती उद्घाटनातून. शाळेला एक कपाट मिळालं होतं, त्याला वाचनकोपरा म्हणायचं ठरलं आणि फीत कापायला तालुक्याहून साहेब येणार म्हणून कळलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमचं ते वाद्य ठेवू या. कार्यक्रमाला जरा उठाव येईल." कार्यक्रमपत्रिकेत स्वागतगीताच्या खाली 'गिटारवादन' छापून आलं. मी महिनाभर घोटलं. एफसाठी थांबायचे, पण आता कमी थांबायचे.

टाळ्यांपुरतीही मुलं उरली नव्हती, म्हणून शेजारच्या पाड्यावरून जीप भरून आणली. साहेब उशिरा आले. नारळ झाला, शाल झाली, कपाटासमोर फीत धरली गेली. मग वाचनाच्या महत्त्वावर भाषणं झाली, ती सगळी कागद न वाचता, हे विशेष. एका वक्त्याने पुस्तकाला मित्र म्हटलं, दुसऱ्याने गुरू. मित्र आणि गुरू दोघेही कुलपात होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

माझी पाळी आली तेव्हा साहेबांचा ड्रायव्हर गाडी वळवत होता. मी खुर्चीवर बसले, पेन्सिल नीट केली. तेवढ्यात साहेब उठून जवळ आले.

"अरे वा, गिटार! मॅडम, आम्हीपण कॉलेजात..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि हात पुढे केला. "द्या बरं जरा."

दिली. त्यांनी ती छातीशी धरली, मान किंचित कलती केली आणि हसले. बोटं पडली ती नेमकी पॉलिश उडालेल्या जागी. आत अक्षता खुळखुळल्या. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मुख्याध्यापक एका बाजूला उभे राहिले, सरपंच दुसऱ्या बाजूला, मागे कपाट. धबधबा तेवढा नव्हता. गिटारीला मात्र जुनी नोकरी परत मिळाल्यासारखं झालं असावं.

"छान! चालू ठेवा," असं म्हणून साहेबांनी ती माझ्या हातात दिली आणि ते गाडीत बसले. त्यांच्यामागे सगळे निरोपाला गेले, आणि मुलं खाऊ वाटतात तिकडे. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'संगीतमय वातावरणात उद्घाटन संपन्न.' छापलेलं ते झालेलं, अशी आमच्याकडे रीतच आहे.

खोलीवर आले तेव्हा आजी अंगणात शेळ्यांची वाट बघत उभी होती.

"वाजवलंस?"

"नाही. फोटो काढला."

"मंग वाजीवलं कोणी?"

"कोणीच नाही."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग आता वाजव. शेळ्या यायच्या हायेत अजून."

मी ओटीच्या पायरीवर बसले आणि वाजवायला लागले. थोडा वेळ ती नुसती उभी होती. मग तिचा पाय हलायला लागला. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील. पण ती सरकत होती. एक पाऊल पुढे, अर्धं मागे, गुडघ्यात जरा वाकून. मान खाली, नजर जमिनीवर. एफ आली आणि मी नेहमीसारखी थांबले. बोट आडवं टाकलं, दाबलं.

वर बघितलं तर म्हातारी एका पायावर उभी.

"टाक की लवकर, बाई. पाय कुठं ठेवू?"

माझी बोटं जास्तच घोटाळली.

"गुडघा धरला माझा!"

मी एफ सोडून दिली. बोटाखाली जे सापडलं ते वाजवलं. चुकीचं होतं, माझ्या कानाला चांगलंच टोचलं, पण आजीचा पाय खाली आला. मग मी प्रत्येक वेळी तसंच केलं. एफ आली की काहीतरी चुकीचं वाजवायचं आणि पुढे जायचं. इतके महिने ती चाल मी थांबत थांबत वाजवत होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण अडखळायला दुसरं कोणी नव्हतंच.

ती अंगणात अर्धं वर्तुळ फिरली. तिचा डावा हात बाजूला जाऊन वळलेला होता, शेजारणीच्या कमरेवर ठेवावा तसा. त्या हाताखाली कोणी नव्हतं. माझे दोन्ही हात गिटारीवर होते. ते काढले असते तर चाल थांबली असती.

मग तिने तो हात हळूच खाली घेतला.

"एकटीनं नाय होत," ती म्हणाली. "माणसं येऊंदे."

"कधी येतील?"

"शिमग्याला. तवर तू थांबू नको."

शेळ्या आल्या, आणि ती त्यांना बांधायला मागे गेली. मी रिकाम्या अंगणाकडे बघत चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. एफच्या जागी चुकले, आणि पुढे गेले.