नीलाताईला गोरी करू नका

गेलेल्या माणसाचा रंग उजळायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? हो, तुम्हालाच विचारतेय. नीलाताई गेल्याची बातमी मला सिटीवेस्टला, ऑफिसला जाताना ट्राममध्ये, आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळली. सोबत हार घातलेला फोटो होता. क्षणभर वाटलं, ही दुसरीच कुणी नीला असेल... कारण फोटोतली बाई गोरी होती.

नीलाताई मूळची पुण्याची, इकडे परदेशात रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात केमिस्ट. कॉर्कजवळच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून तिनेच ओळख काढली. तिच्या हातात शंभरेक वर्षांपूर्वीची क्रीमची बरणी. विकणारा म्हातारा म्हणाला, "ड्रेसिंग टेबलवर ग्रँड दिसेल, लव्ह." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ड्रेसिंग टेबल कसलं, पुरावा आहे हा!" तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात पोह्यांच्या डब्याशेजारी असे पुरावे दाटीवाटीने बसले होते. पावडरचे पत्र्याचे डबे, मासिकांतून कापलेल्या साबणाच्या जाहिराती. एका जाहिरातीत काळं मूल टबात उतरायचं आणि पांढरं होऊन बाहेर यायचं. ती दाखवताना तिचा आवाज चढायचा. "आपल्या आज्या ज्याला स्नो म्हणायच्या ना, त्यात असतं काय? स्टिअरिक ॲसिड, थोडा क्षार आणि पाणी. क्रीम कातडीत जिरतं ग... जाहिरातीला बाईची जिरवायची असते."

मागच्या उन्हाळ्यात तिची आई पुण्याहून आली होती. नातीच्या, इराच्या, वाढदिवसाला फोटो काढायची वेळ आली तशी आजी म्हणाल्या, "नीले, जरा स्नो लाव ग तोंडाला." इरा खिडकीकडे धावली. "आजी, इट्स नॉट ईव्हन स्नोइंग!" आम्ही हसून लोटपोट झालो. नीलाताईही हसली, मग थांबली. "आई, लग्नाच्या फॉर्मवर तू मला निमगोरी लिहिलं होतंस." "मग? त्यामुळे तर स्थळं आली." "आली ना. आणि मला बघून परत गेली." नीलाताईने तोंडावर गार पाणी मारलं, तशीच फोटोला उभी राहिली.

वाढदिवसाचा तो फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये राहिला, कुणास ठाऊक. हिवाळ्यात ती आजारी पडली, दुखणं वाढत गेलं आणि ती गेली. ग्रुपवरचा हार घातलेला फोटो तयार करणाऱ्या मंडळातल्या काकांना मी फोन केला. "अगं, काळपट येत होती, म्हणून जरा ब्राइट केलं. सगळ्यांचंच करतो." "काका, ती सावळीच होती." "आता तिला काय फरक पडतो?" खरंच, तिला नाही पडत! पण तिच्या नवऱ्याने घाईत तोच फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय, आणि इरा त्याखालून जाताना मान वर करत नाही. विचारलं तर म्हणाली, "दॅट्स नॉट मॅम." इथली मुलं आईला मॅमच म्हणतात. जन्मभर ज्या खोटेपणाशी ती भांडली, तोच आपण तिच्या लेकीच्या घरात खिळा ठोकून टांगलाय. प्रेमाने! याचाच जास्त संताप येतो.

महिना उलटून गेला, इरा अजून आईच्या खऱ्या फोटोची वाट बघतेय. घरात तिचे फोटो फारसे नाहीतच, सगळ्यांचे फोटो काढायची तीच. तुमच्या फोनमध्ये नीलाताई असेल... सहलीत, गणपतीत, कुणाच्या तरी मागे अर्धवट उभी. आज शोधा आणि इराच्या बाबांना पाठवा. हललेला चालेल, अंधारातला चालेल, डोळे मिटलेले चालतील. फक्त उजळू नका.