एकाच कणकेची भाकर

आत्या गेल्याची तार सांगलीला, मी शिकवतो त्या शाळेत आली. रडू नंतर आलं. एसटीत बसल्यापासून एकच घोर... मरायच्या आधी तिला प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या नावानं चर्चमध्ये वाटतात तो भाकरीचा तुकडा, मिळालं असेल का? कोरेगावच्या स्टँडवर तिचा मुलगा समू न्यायला आला होता. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं. त्यानं मान हलवली. "न्हाई दादा. दोन्हीकडनं कुनीच आलं न्हाई."

रत्नाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गावातल्या चर्चसाठी प्रभुभोजनाची बेखमीर, म्हणजे न आंबवलेली भाकर वर्षानुवर्षं तिच्याच चुलीवर व्हायची. शनिवारी कणिक मळताना ती कुणाशी बोलायची नाही, आणि आम्ही पोरांनी हात लावला तर उलथनं उगारायची. भाकर भाजून झाली की सुरीनं बारीक चौकोनी तुकडे करून ताटात रचायचे, ही आमच्याकडची रीत.

मग आलं ते एकीकरण! वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी एक व्हायचं ठरलं, आणि आमची होती ती एक मंडळी फुटून दोन झाल्या; एकीकरण मानणारे ते नवे, न मानणारे ते जुने. वडील नव्या मंडळीचे पंच झाले, आत्याचं सासर जुन्यात राहिलं. चर्च एकच, म्हणून सकाळी जुने आणि दुपारी नवे. फुटी पाडणाऱ्यांपासून दूर राहा, असं बायबलात पौल रोमच्या मंडळीला सांगतो. ते वचन दोघांनाही तोंडपाठ, आणि दोघंही ते समोरच्यावर रोखायचे. आत्या मात्र त्याच पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र धरून बसायची. वडिलांना म्हणायची, "आरं, तितंबी ह्योच तमाशा हुता. कुनी म्हणं मी पौलाचा, कुनी म्हणं मी अपुल्लोसाचा. मग पौलानं काय इचारलं? ख्रिस्ताचं तुकडं झालं का म्हणून! त्येचं उत्तर दे की." वडील टोपी घालून चालू लागायचे.

दोन्ही मंडळ्यांना भाकर आत्याच भाजून द्यायची. भाकरी वेगवेगळ्या असतात, असंच सगळे धरून चालले होते. एका शनिवारी जुन्यांच्या पाळकांच्या, म्हणजे पाद्रींच्या बायकोनं पाहिलं, तर आत्यानं एकच मोठी भाकर भाजलेली आणि निम्मे तुकडे या ताटात, निम्मे त्या ताटात! झालं, गावभर बोभाटा. फुटल्यापासून पहिल्यांदा दोन्ही मंडळ्यांचं एकमत झालं, ते तिच्याविरुद्ध... जुन्यांनी तिला प्रभुभोजन बंद केलं. नव्यांकडे गेली, तर पंचांच्या वतीनं सख्ख्या भावानंच सांगितलं, "तुजं नाव आमच्यात न्हाई."

"मग मी कुटं जेवू रं?" एवढंच ती म्हणाली.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला गेलो. माझा हात धरून म्हणाली, "कुनीबी एक तुकडा दिऊ दे रं बाळा. सकाळचा दे, न्हाईतर दुपारचा." मी दोन्ही पाळकांचे उंबरे झिजवले. एक म्हणाले, आधी तिनं माफी मागावी. दुसरे म्हणाले, पंच ठरवतील. पंचांना, म्हणजे वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "बघू रविवारी." रविवारच्या आत तार आली. संताप येतो हो मला, अजून येतो.

दफनाला दोन्हीकडचे लोक आले. दोन पाळकांनी दोन प्रार्थना केल्या, आणि मूठमूठ माती सगळ्यांनी त्याच खड्ड्यात टाकली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी वडिलांशेजारी बसलो होतो. ताट आलं. आता बेकरीच्या पावाचे तुकडे असतात. वडिलांनी ताट धरलं, बघत राहिले आणि काहीच न घेता माझ्याकडे सरकवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "तिला न्हाई म्हणलेलं त्वांड हाय ह्ये. त्यात कसं घालू?"

हल्ली ते सकाळी जुन्यांच्या उपासनेला जाऊन बसतात. तिथं त्यांचं नाव नाही, म्हणून कुणी देत नाही. दुपारी इथं देतात, तर ते घेत नाहीत. साठी कधीच उलटलीय, आणि गेल्या आठवड्यापासून खोकलाही धरलाय... मी पुन्हा दोन्ही पाळकांकडे खेपा घालू लागलोय.