मॅडमना माहीत नव्हतं

‘मला माहीत नाही,’ असं पेशंटच्या तोंडावर सांगणारी डॉक्टर मी आजवर एकच पाहिली, नाशिकच्या आमच्या हार्मोनवाल्या मॅडम. हे सांगताना त्यांचा चेहरा पडायचा नाही, उलट खुलायचा. माझ्या वडिलांना याचा भयंकर राग यायचा. सातपूरच्या कंपनीत सुट्टी टाकून लेकीला घेऊन यायचं आणि डॉक्टरनेच हात वर करायचे?

मी सहावीत होते आणि दुसरीतली दिसायचे. थायरॉईड कमी पडतंय हे रक्तात दिसलं होतं. पण वाढ त्यामुळेच थांबली, की वाढीचं हार्मोनही मुळातच कमी आहे, हे मॅडमना माहीत नव्हतं. वडिलांच्या ओळखीतल्या एका मुलाला वाढीची इंजेक्शनं चालू होती. “लय दिवस झाले मॅडम, हिलाही सुरू करा ना,” ते म्हणायचे. मॅडमचं म्हणणं, ते हार्मोन दिवसभर वाहत नाही, आपल्या नळाच्या पाण्यासारखं मधूनमधून सुटतं, जास्त करून मूल झोपल्यावर. थायरॉईड कमी असलं की तेही आखडतं. आत्ता तपासलं तर कमीच दिसेल आणि आपण फसू. आधी गोळीने थायरॉईड जागेवर येऊ दे.

ते काही येईना. गोळी वाढवली तरी रिपोर्ट जैसे थे. दुसऱ्या कुणी आईला झापलं असतं. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि आमच्याकडे सकाळी काय काय होतं ते गॅस पेटवण्यापासून सांगायला लावलं. रिकाम्या पोटी गोळी उष्ण पडते म्हणून आई ती दुधात विरघळवून द्यायची! आईचा चेहरा उतरला.

“दूध चांगलंच आहे हो,” मॅडम म्हणाल्या. “फक्त त्यात गोळी अंगी लागत नाही. तिला आधी एकटीला जाऊ द्या.”

मग थायरॉईड सुधारलं आणि वाढीच्या हार्मोनची तपासणी ठरली. मला दवाखान्यात झोपवून थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं. रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडम कागद बराच वेळ बघत बसल्या. हार्मोन व्यवस्थित सुटत होतं, इंजेक्शन नको होतं. वडिलांनी विचारलं, नसतं सुटलं तर?

“तर माझ्यामुळे हिचे एवढे महिने वाया गेले असते. मला रोज तीच धास्ती होती.”

पुढे मी भराभर वाढले, आईच्याही वर गेले.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. बातमीचा फोन वडिलांनीच घेतला. तो ठेवून म्हणाले, “आपल्या पोरीसाठी घाबरणारं एक माणूस गेलं.”