बाबांची डॉक्टर मुलगी

मी नर्स झाले, हे बाबांनी दिल्लीतल्या त्यांच्या सरकारी ऑफिसात कधीच सांगितलं नाही. "मुलगी हॉस्पिटलात असते," एवढं बोलून ते गप्प बसायचे. पुढचं लोकच समजून घ्यायचे. गुडगावला तेव्हा शेतं जाऊन काचेच्या इमारती येत होत्या. तिथल्याच एका नव्या हॉस्पिटलात मी लागले होते. मांडीचं हाड मोडलं आणि बाबा नेमके माझ्याच वॉर्डात आले.

त्यांचे साहेब भेटायला आले, तेव्हा मी बाबांचं अंग पुसत होते. साहेबांनी विचारलं, "आपकी डॉक्टर बेटी नहीं दिखी?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ऑपरेशन में है," म्हणाले.

साहेब गेले आणि बाबा मराठीवर आले. "बाळ, पॉट दे गं. लवकर."

मी गोड हसले. "अंकलजी, बेटी को आने दीजिए ना," म्हटलं आणि चहा प्यायला निघून गेले.

परत आले तर चादर ओली झालेली. बदलायला मी नव्या आयाला बोलावलं. तिने विचारलं, "सिस्टर, इनके साथ कौन है?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"कोई नहीं," मी म्हणाले.