बोरमाळ आणि पावडरचं दूध

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात नवरा पकडला गेला आणि लालबागच्या आमच्या खोलीत मिलचा पगार यायचा थांबला. माझं अंगावरचं दूध आटलं होतं. दहा महिन्यांची मुलगी जगत होती ती चाळीखाली रोज सकाळी वाटल्या जाणाऱ्या परदेशी पावडरच्या दुधावर.

एक दिवस निरोप आला, दूध पाठवणाऱ्यांची मड्डम घरोघर येणार आणि गरज दिसेल तिथंच दूध चालू ठेवणार. शहाण्या माणसानं अशा वेळी फाटकं नेसावं. आम्ही लग्नातली लुगडी काढली. पाहुण्या बाईसमोर लक्तरात बसायचं की काय? सोन्याची बोरमाळ मात्र अख्ख्या मजल्यावर एकच, कोपऱ्यातल्या मावशींची. मड्डम एका खोलीतून निघाली की माळ फळ्यांच्या भिंतीवरून पलीकडच्या खोलीत जायची.

चौथा गळा माझा. मड्डमबरोबर एक मराठी समाजसेविका होती. तिनं विचारलं, "यजमान कुठं असतात?"

"तुरुंगात."

तिचा चेहरा पडला. "चोरीत नाही हो, मोर्चात," मी म्हटलं.

मड्डम माळेकडे बघून काही बोलली. समाजसेविका म्हणाली, "त्या विचारतात, तुम्ही सगळ्यांनी एकाच सोनाराकडून माळा घडवल्यात का? सोनं असेल तर दूध कशाला?"

तेवढ्यात फळीवरून शेजारणीचा हात आला. "गो, माळ दी बेगीन. ती आता हयसर येतली."

मड्डम हाताकडे बघतच राहिली. समाजसेविका तापली. "फसवता होय आम्हाला?"

"फसवायचं असतं तर फाटकं नेसले असते," मी म्हटलं. "दूध पोरीला पाहिजे ना? मग पोर तोला. माझा गळा काय बघता? सांगा त्यांना, आहे तसं सांगा."

तिनं नाइलाजानं सांगितलं. मड्डमनं वही मिटली आणि तराजू कुठं मिळेल ते विचारलं.

तराजू खालच्या वाण्याकडे होता. त्यानं कुरकुरत तांदूळ उतरवले आणि माझी मुलगी पारड्यात बसली. वजन जवळच्या वयावार तक्त्याशी ताडून, कमी भरलं तशी मड्डमनं मान हलवली आणि माझ्या दुधाच्या कार्डावर पुढच्या महिन्यांसाठी सही केली. पोरीनं तोवर पारड्यात मुतून घेतलं. वाणी शिव्या देत पारडं पुसत होता आणि भरजरी लुगड्यांतल्या बाया पोरं काखेला मारून जिन्यावरून खाली येत होत्या.