बाबांनी बंद केलेली सकाळची गोळी

तुमच्या घरात गुडघ्याची गोळी रोज कोण घेतं, आणि सोबत पोटासाठी दुसरी कोणती घेतं, हे तुम्हाला आत्ता सांगता येईल? मला माझ्या बाबांबद्दल सांगता आलं नसतं. गोळ्यांवर पत्रक मात्र मी लिहून मोकळी झाले होते.

बोर्ली पंचतनच्या आमच्या वस्तीत रविवारी विहारात वंदना झाली की कुणीतरी एखादी पुस्तिका नाहीतर पत्रक मोठ्याने वाचतं. मी अक्षरं शिकले ती तिथेच, बाबांच्या मांडीवर बसून. बाबा निवृत्त शिक्षक. रविवारी ऐकलेलं पटलं, तर सोमवारपासून तसं वागायचं, हा त्यांचा नियम. हुंडा नको, नवस नको, मुलीच्या शिक्षणात कसर नको, हे सगळं आमच्या घरात असंच सोमवारी सुरू झालं.

मागच्या वर्षी मी औषधांतल्या नफेखोरीवर पत्रक काढलं. त्यात ठणकावून लिहिलं, ‘प्रत्येक चिठ्ठीत अ‍ॅसिडिटीची गोळी घुसवतात. ती नाकारा.’ विहारात टाळ्या पडल्या. बाबा तेव्हा गुडघ्यांसाठी दिवसातून दोनदा दुखण्याची गोळी घेत होते आणि सकाळी उपाशीपोटी ही अ‍ॅसिडिटीची. सोमवारी त्यांनी सकाळची बंद केली. मला बोललेसुद्धा नाहीत.

महिनाभराने आईने मला अंगणात गाठलं. "बाबांकडे बघ जरा. विहारापर्यंत जाताना दोनदा बसतात."

मी विचारलं तर बाबा वैतागले. "काही न्हाय गं बाय. शौचाला जरा काळं होतंय, डांबरासारखं. नाचणीची भाकरी खातो ना, तिचं."

"नाचणी मी पण खाते," आई म्हणाली. "माझं न्हाय होत डांबर!"

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आतून ती पांढरीफटक होती, अंगात रक्त कमी झाल्याची खूण. त्यांनी लगेच अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे दुर्बिणीने तपासलं. जठराच्या आत जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं.

"पोटाची गोळी का सोडलीत?" तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेलं पत्रक काढून दिलं.

"कुणी लिहिलंय?"

"माझ्या मुलीने," बाबा म्हणाले. त्या खाटेवरसुद्धा त्यांच्या आवाजात अभिमान होता. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

बाईंनी ते पूर्ण वाचलं. "भाषा जोरदार आहे. लिहिण्याआधी डॉक्टरला दोन प्रश्न विचारले असतेस, तर आणखी जोरदार झाली असती."

मग त्यांनी समजावलं. जठरातलं आम्ल अन्न पचवतं. जठर स्वतःच पचू नये म्हणून त्याच्या आतल्या अस्तरावर चिकट थर असतो. दुखण्याच्या अशा गोळ्या ठणका कमी करतात, पण अस्तराचं हे संरक्षणही कमजोर करतात. मग आम्ल थेट अस्तराला लागतं. सकाळची गोळी नवा थर चढवत नाही. आम्ल तयार करणाऱ्या पेशींतले पंप ती बंद पाडते. आम्ल कमी झालं की अस्तर टिकतं, आणि जखम असेल तर ती भरायला उसंत मिळते. पंप कामाला लागण्याआधी औषध पोचावं, म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची.

"म्हणजे प्रत्येकाने घ्यायची?" मी विचारलं. भांडण्याची खोड जात नाही.

"मुळीच नाही. गरज नसताना वर्षानुवर्षं घेणंही चुकीचंच. तुझ्या बाबांना गरज होती."

बाबा आता बरे आहेत. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी बदलली, गुडघ्यांचा व्यायाम सुरू आहे. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी विहारात उभी राहून माझं ते वाक्य चुकीचं होतं असं सांगितलं.

मागून एक काका ओरडले, "म्हणजे कंपन्या साधू झाल्या का गं?"

"नाही काका, लूट आहेच. पण कुठली गोळी लुटीची आणि कुठली कामाची, हे मी न विचारताच ठरवलं. रक्त बाबांचं गेलं."

त्यावर टाळ्या पडल्या नाहीत. तीन म्हाताऱ्या मात्र घरी जाऊन आपापल्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन आल्या.

मी अजून पत्रकं लिहिते आणि लिहीत राहणार. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. घरात कुणी दुखण्याची गोळी रोज घेत असेल, तर त्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि विचारा, पोट सांभाळायला काय करायचं? आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर लाजू नका, थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.