लाइट आली तेव्हा हात ड्रिलमध्ये होता

"दोन बोटांचे फ्लेक्सर टेंडन तुटलेत," नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. "बोट वाकवणाऱ्या दोऱ्याच समजा. आज शिवतो. पण मूठ पुन्हा मिटेल का, हे आत्ता सांगता येणार नाही."

उजवा हात होता. घरातला पहिला पदवीधर मी. पण नायगावात दादाबरोबर शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप चालवतो. पोट या हातावरच आहे.

आमच्यासारखी जुनी ड्रिल मशीन अनेकांकडे असेल, म्हणून सगळं सांगतो. तिचं बटण मशीनवर नव्हतं, मशीनमागच्या भिंतीवरच्या बोर्डात होतं. लाइट गेली तरी ते आम्ही चालूच ठेवायचो. मशीन फिरायला लागली की लाइट आल्याचं कळायचं.

त्या दुपारी दादा बाहेर गेला होता. लाइट गेली. ड्रिलला गुंडाळलेला लोखंडाचा कीस काढायला मी हातमोज्यासकट हात घातला. तेवढ्यात लाइट आली.

मोजा ड्रिलभोवती आवळला, आत बोटं. मोटरचा पट्टा घसरून किंचाळत होता, तरी ओढ थांबेना. डावा हात भिंतीकडे ताणला. बोर्ड समोर दिसत होता आणि हातभर लांब होता. हात मागे ओढावा तर बोटं तुटतील असं वाटे. ओरडत राहिलो.

मागच्या घरातून वैनी धावत आल्या.

"बंद करा!"

"कोणतं बटन हो भाऊजी?"

पंखा थांबला. मग बल्ब विझला.

"हे न्हाई, खालचं!"

मशीन थांबली. मी सांगितलं तशी त्यांनी पट्ट्याची वरची पुली हाताने उलटी फिरवली, तेव्हा हात सुटला.

ऑपरेशननंतर हाताला स्प्लिंट लावलं, म्हणजे मनगट आणि बोटं हलू नयेत अशी कडक पट्टी. "जोर लावलात तर शिवण सुटेल," डॉक्टर म्हणाले. हात पुन्हा अडकल्यासारखाच. शर्टाची बटणं आई लावायची, घासही तीच भरवायची. झोपेत बोटं हलतील या भीतीने मी जागा राहायचो.

तपासणीच्या रांगेत शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कडब्याच्या मशिनीत गेला का?"

"न्हाई, ड्रिलमध्ये."

"एकच की. सगळ्या भुकेल्याच हायत."

मी हसलो. कितीतरी दिवसांनी.

पट्टी निघाल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे रोजचा व्यायाम. मधलं बोट हळूहळू तळव्याला टेकलं. तर्जनी अर्ध्यावरच थांबते. "ती एवढीच वाकेल," डॉक्टर म्हणाले. आता पाना अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरायला शिकलोय.

दादाने मशीनच्या पुढेच, डाव्या हाताला, मोठं लाल बटण बसवलंय. त्यातला स्टार्टर असा, की लाइट जाऊन आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. हातमोजे आम्ही ड्रिलवर घालत नाही.

तुम्हीही मशीन बंद असताना तिच्यासमोर उभे राहा. उजवा हात अडकलाय असं समजा आणि डाव्याने बटण गाठून पाहा. पोचत नसेल, तर आधी बटण हलवा, मग काम करा.

पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी वैनींसमोर हात जोडले. आखडलेली तर्जनी सरळ झाली नाही.

"पुरे झालं भाऊजी," त्या म्हणाल्या. "बसा, जेवून घ्या. आज तुमच्या हातानं."